गोड्या पाण्याची बुधीमावशी

बुधीमावशी रोज सकाळी विहिरीचं पाणी चाखायची. पहिली कळशी वर आली की ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, गालांत फिरवायची, डोळे मिटून थोडी थांबायची आणि बाजूला थुंकून टाकायची. मग "चालंल" किंवा "आज नाय" एवढंच बोलायची. "चालंल" म्हणाली तर मोगऱ्याच्या वाफ्यांना पाणी सुरू व्हायचं. "आज नाय" म्हणाली तर दोर गुंडाळून विहीर चार-पाच तास तशीच सोडायची आणि वर आलेलं खारं पाणी खाली बसायची वाट बघायची.

मी डहाणूला सहा वर्षं राहिले. नोकरी तलासरी तालुक्यात, झरीच्या शाळेत. राहायला मात्र डहाणूला, समुद्राच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात. म्हणजे बंगल्यात नव्हे, मागच्या आवारातल्या दोन खोल्यांपैकी एकीत. दुसरी खोली बुधीमावशीची. दोघींच्या मध्ये एक सामाईक पडवी, पडवीसमोर विहीर. मालक मुंबईचे, गुजराती. दिवाळीत आणि उन्हाळ्यात चार-चार दिवस यायचे. बाकी वर्षभर तो बंगला कुलूपबंद असायचा आणि त्याच्यापुढे ती बाग फुललेली असायची. बघायला कोणी नसलं तरी फुललेली.

बाग मोठी होती. मोगरा, अनंत, तगर, अबोली, सोनटक्का, गुलाबांचे दोन वाफे आणि फाटकावर बोगनवेल. समुद्र इतका जवळ की वारा सुटला की ओठांवर मीठ लागायचं. आवारात बोअर होती, मोटर होती, नळ्या होत्या. पण होळी झाली की बोअरचं पाणी खारट व्हायचं. विहिरीचं गोडं असायचं, पण एका अटीवर. मोटर लावून उपसलं की खालचं खारं वर चढायचं. हाताने, सावकाश, वरचं वर शेंदलं तरच गोडं मिळायचं. म्हणून होळीपासून पाऊस पडेपर्यंत ती सगळी बाग एका बाईच्या हातांवर जगायची.

मावशी तेव्हा पन्नाशीची असेल. बुटकी, सडपातळ, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. दोन्ही हातांत कळश्या असल्यामुळे की काय, ती माती पायाने तपासायची. उजव्या पायाचा अंगठा आळ्यात खुपसायचा, थोडं उकरायचं आणि ओल कुठवर आहे ते ठरवायचं. मी एकदा वाकून बोटाने बघू लागले तर हसली. "बाय, बोटाला काय कळते? बोट पुस्तकात असते तुजा."

पाणी घालायची तिची एक रीत होती आणि तिच्याविरुद्ध काही झालं की ती चिडायची. पानांवर पाणी मारणारा माणूस तिला अजिबात चालायचा नाही. अशा माणसाला ती 'फोटोवाला' म्हणायची. "फोटोवाला वरनं पानी मारते. पान चमकते, मूळ तसाच उपाशी." तिचं म्हणणं, झाडाला पाणी पाजायचं नसतं, मातीला पाजायचं. माती मग झाडाला देते. बोगनवेलीला ती 'शेठाणी' म्हणायची, कारण ती जितकी उपाशी ठेवावी तितकी नटायची. उलट अनंताच्या झाडापाशी तिचा आवाज उतरायचा. त्याच्या कळ्या एक दिवस पाणी चुकलं तरी गळायच्या. "हा आजारी पोरासारखा," म्हणायची, "याला सोडून जाता येत नाय."

जाता येत नाही, हे शब्द तिच्या बोलण्यात फार यायचे. पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही. कारण ती तक्रार करायची नाही. समुद्र कोणत्या बाजूला आहे ते सांगावं तसं सांगायची.

तिचं गाव रानशेत. डहाणूहून रिक्षाने पाऊण तास. लग्नानंतर नवरा-बायको दोघंही या बंगल्यावर कामाला आली. नवऱ्याचं मन रमेना, तो परत गेला. ही राहिली. मुलगी सुनी दीड वर्षाची होती, ती आजीकडे रानशेतला वाढली. मावशी महिन्यातून एकदा सकाळचं पाणी घालून निघायची आणि संध्याकाळच्या पाण्याला परत यायची. उन्हाळ्यात तेही नाही.

"पावसाळ्यात जायचीस ना राहायला?" मी विचारलं.

"जायची की. पावसाळ्यात लावणी असते. सगळी शेतात. मी एकटी घरात बसून भाकऱ्या करायची. सुनी आजीच्या मागं. मला बघून लपायची."

नवरा वारला तेव्हा चैत्र चालू होता. मावशी तीन दिवस रानशेतला राहिली. बंगल्यात तेव्हा मालकांची आई राहायची, तिला सगळे मोठ्या बा म्हणत. बांनी शेजारच्या वाडीतला एक माणूस पाणी घालायला बोलावला. त्याने मोटर लावली आणि तीन दिवस नळीने बोअरचं पाणी सोडलं. मावशी परत आली तेव्हा गुलाबांची पानं कडेने करपली होती आणि मोगरा जळाल्यासारखा उभा होता. बा वाफ्याजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"रागावल्या?"

"नाय ना," मावशी म्हणाली. "माजा हात धरला. रडल्या. म्हनल्या, बुधी, तुज्याबिगर हे जगत नाय." मग म्हणाली, "शिवी दिली असती तं मी गेली असती, बाय. हात धरला."

सुनीचं लग्नही उन्हाळ्यातच झालं. मी तेव्हा नव्यानेच राहायला आले होते. मावशीने पहाट व्हायच्या आत शेंदायला सुरुवात केली, सगळे वाफे भिजवले, आंघोळ करून नवं लुगडं नेसली आणि पहिली रिक्षा पकडून गेली. चारच्या सुमाराला परत आली. लुगड्यावर हळदीचे डाग होते. मी विचारलं, लग्न कसं झालं? म्हणाली, "लगीन नाय दिसला. वरात यायला उशीर झाला. मी निंगाली तेवा येतच होती, रस्त्यात भेटली. जावई घोड्यावर होता. बरा दिसला." आणि तेच नवं लुगडं खोचून तिने कळशी उचलली.

मला राग आला होता. कोणाचा ते ठरवता येत नव्हतं. बा वारल्या होत्या. मालक मुंबईत होते. सगळं पाहणारी मालकांची बायको, तिला आम्ही भाभी म्हणायचो, ती वाईट नव्हती. दिवाळीला मावशीला साडी आणायची, माझ्याशी घरच्यासारखं बोलायची. पण सासूची बाग सासूसारखी राहिली पाहिजे, हा तिचा हट्ट होता. आणि तिला पक्कं ठाऊक होतं की ती बुधीशिवाय राहत नाही. मावशी जितकी हुशारीने झाडं जगवायची, तितकी तिची सुटका लांब जायची. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं मला वाटायचं. तो माझा गैरसमज होता.

सुनीला दिवस गेले आणि चैत्रात बाळंत होणार असं कळलं. आजी आता नव्हती. सुनीने नवऱ्याच्या फोनवरून माझ्या फोनवर फोन करून आईला सांगितलं, "ये. पाचवीपर्यंत तरी राहा." मावशीने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "बघते," म्हणाली.

भाभींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बुधी, एप्रिलअखेर मोठ्या मुलीचा साखरपुडा बागेतच आहे. मोगरा भरात पाहिजे. ते झालं की जा ना, महिनाभर राहा." बाग सोडून महिनाभर जायचं म्हणजे पाऊस पडल्यावरच, हे दोघींनाही माहीत होतं.

मावशीने दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी मी झरीहून परतले तर ती फाटकातून आत येत होती आणि डोक्यावर तिच्याहून मोठं गाठोडं होतं. किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांखाली वाळलेल्या पाल्याचा गालिचाच असतो. बारीक, तपकिरी, सुईसारखा. तो ती भरून आणत होती.

"कशाला एवढा?"

"झाडांना पांघरायला."

पुढचे तीन आठवडे ती झपाटल्यासारखी राबली. रोजचं पाणी घालून झालं की किनाऱ्यावर जायची आणि पाला आणायची. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, गोळा केली, ती दगडाखाली दाबून टाकीत भिजत घातली. मग एकेक आळं खणून, भिजलेली सोडणं उपडी न ठेवता वाटीसारखी उताणी मांडली, त्यावर माती, मातीवर सुरूच्या पाल्याचा वीतभर थर. खोडाभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी. "पाला खोडाला टेकला की खोड कुजते. गोधडी पांघरायची पन नाक उघडा ठेवायचा." वाळवी लागू नये म्हणून मध्येमध्ये कडुनिंबाचा पाला टाकला.

तेव्हा मला कळलं की ती पळून जायची तयारी करत होती. दोर नाही, भिंत नाही, पाच दिवसांपुरती ओल साठवून.

तिने आधी परीक्षा घेतली. तगरीच्या वाफ्याला भरपूर पाणी घालून दोन दिवस सोडला. तिसऱ्या दिवशी पाला सारून अंगठा खुपसला. ओल होती. मग मोगऱ्याचा एक वाफा तीन दिवस सोडला. मग चार. चौथ्या दिवशी तिने मला हाक मारली आणि माझा पाय धरून मातीत ठेवला. वर डोकं तापत होतं आणि पायाखाली गार होतं. "कळला?" तिने विचारलं. तिला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

फक्त अनंताचं झाड राहिलं. त्याला सोडणं-पाला पुरणार नव्हता. "त्याला तू रोज दोन कळश्या घाल, बाय. सकाळची एक, सांजची एक. हळू शेंद. आदी चाख." मी चाखायला शिकले. मला खारं आणि गोडं यांतला फरक नीट कळेना, पण मी मान डोलावली.

सुनीला कळा सुरू झाल्याचा फोन माझ्या फोनवर आला आणि भाभींना न सांगता ती गेली. सुनीच्या नवऱ्याचा नंबर मला वहीत लिहायला लावून गेली. "काय झाला तं फोन कर." फाटकाबाहेर जाऊन पुन्हा आत आली, बोगनवेलीखालचा पाला पायाने सारखा केला आणि मग गेली.

पहिला दिवस व्यवस्थित गेला. दुसऱ्या दिवशी शाळा आटोपून दुपारी परतले तर लांबूनच धूर दिसला. फाटकाजवळ सुरूचा पाला ढीग करून पेटवला होता. बागेत चार अनोळखी माणसं खराटे आणि फावडी घेऊन होती. वाफे उघडे, तांबडे पडले होते. सोडणं उकरून कडेला फेकली होती. आणि मोटर चालू होती. भर उन्हात नळीतून फवारा उडत होता, मोगऱ्याची पानं चमकत होती.

भाभी व्हरांड्यात सजावटवाल्या माणसाशी बोलत होत्या. मी धावत गेले. "भाभी, ते पाणी बंद करा. खारं आहे ते."

"अरे टीचर, एक दिवस दिलं तर काय होतंय? बघा ना काय करून ठेवलं होतं. सगळीकडे कचरा. पाहुणे येणार, फोटो काढणार, आणि बागेत पालापाचोळा?"

"तो मुद्दाम घातला होता. ओल राहावी म्हणून."

"बुधी कुठे आहे?"

मी सांगितलं. भाभींचा चेहरा बदलला. रागावल्या नाहीत, दुखावल्या. "मला न विचारता गेली? मी नाही म्हटलं होतं का? नंतर जा म्हटलं होतं." मग म्हणाल्या, "तिला फोन करा. म्हणावं, आजच ये."

वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. मी म्हणाले, "माझ्याकडे नंबर नाही."

आयुष्यात मी खोटं फार बोललेले नाही. हे मात्र सहज बोलून गेले.

मोटर बंद झाली, पण पाणी घालून झालं होतं. भाभी संध्याकाळी मुंबईला गेल्या. मी लुगडं नेसत नसले तरी पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि विहिरीवर गेले. गोडं पाणी भरपूर घातलं तर मीठ खाली जातं, एवढं मावशीकडून ऐकलं होतं. त्या संध्याकाळी किती कळश्या शेंदल्या कोण जाणे. शेवटी शेवटी पाणी खारं लागलं की मला तसं वाटलं, ते समजेना. पुढचे तीन दिवस सकाळी शाळा, दुपारपासून विहीर. तळहाताला फोड आले, फुटले. उकरलेली सोडणं मी परत आळ्यांत मांडली, पण पाला जळून गेला होता. अनंताच्या कळ्या गळल्या नाहीत. मोगऱ्याची पानं मात्र कडेने तपकिरी होऊ लागली आणि तो तपकिरी रंग रोज थोडा थोडा आत सरकत गेला.

रोज रात्री वही उघडायची आणि मिटायची. फोन केला तर ती येणार. नाही केला तर परत आल्यावर हे बघणार. मी केला नाही. तिला पाच दिवस मिळायलाच हवेत असं मी ठरवलं होतं. मीच ठरवलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी ती आली. फाटकातच थांबली. पिशवी खाली ठेवून वाफ्यात शिरली, अंगठा मातीत घातला, मग वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मोगऱ्याची निम्मी झुडपं गेली होती.

मी सगळं सांगितलं.

"फोन का नाय केला?"

"तुला परत यावं लागलं असतं."

"मग? झाडा कोनाची? तुजी?" तिचा आवाज चढला. "तीस वरसं मी घातलाय पानी. इचारायचा तरी. मी काय करायचा ते तू कोन ठरवनारी? बा ठरवायच्या, भाभी ठरवते, आता तू पन?"

तिने माझे तळहात पाहिले, दोर उचलला आणि शेंदायला लागली. दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पडवीत बसले होते. ती पाणी चाखून आली आणि शेजारी टेकली.

"मुलगी झाली," म्हणाली. "सुनीसारखी. नाक चपटा."

"सुनी बरी आहे?"

"बरी. पाचवी झाली. रात्री मी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. सुनी म्हनली, आये, अजून राहा." ती विहिरीकडे बघत होती. "पयल्यांदा म्हनली. लहानपनी कदी म्हनली नाय." मग म्हणाली, "तू फोन केला नाय, ते बरा केला. केला असता तं मी आली असती."

साखरपुडा झाला. जळलेल्या मोगऱ्याची कोणालाच अडचण झाली नाही. सजावटवाल्याने मुंबईहून ट्रक भरून कुंड्या आणल्या आणि वाफ्यांवर मांडल्या. पांढरी, गुलाबी, जांभळी फुलं. पाहुण्यांनी त्यांच्यापाशी उभं राहून फोटो काढले. मावशी कळशी घेऊन त्यांना पाणी घालायला गेली आणि एका कुंडीपाशी वाकून थबकली. फूल दोन बोटांत धरून पाहिलं. कापडी होतं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि कळशी पुढच्या खऱ्या कुंडीत ओतली.

जाताना भाभींनी तिला जवळ बोलावलं. मी पडवीतून ऐकत होते. "बुधी, झालं ते झालं. पण उन्हाळ्यात आता कुठे जायचं नाही. वचन दे." मावशीने मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते मला दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "सोड हे. सुनी बोलावतेय. जा तिच्याकडे."

"सुनी राहा म्हनली," ती म्हणाली. "राहायला ये नाय म्हनली. जावयाची एक खोली. तिकडं मी काय करू? भाकऱ्या?" मग वाफ्याकडे हात करून म्हणाली, "आनि मी गेली की हे सगळा खारा करतील."

मेलेल्या झुडपांच्या जागी तिने तगरीच्या फांद्या लावल्या. मोगरा परत लावला नाही. सुरूचा पालाही परत आणला नाही, निदान मी असेपर्यंत.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. जूनचे दिवस, पण पाऊस अजून लांबलेला. सामान टेम्पोने पुढे गेलं होतं, मी रिक्षाने डहाणू रोड स्टेशनला निघाले. मावशी पिशवी घेऊन रिक्षात माझ्या शेजारी येऊन बसली. "स्टेशनपातूर येते," म्हणाली. मला फार बरं वाटलं.

तिने पिशवीतून भाकऱ्या काढून माझ्या मांडीवर ठेवल्या. सुनीची पोर आता बोलायला लागली, सांगत होती. "मला बघून लपत नाय," सांगत होती. बोलता बोलता ती सारखी बाहेर उन्हाकडे बघत होती. स्टेशनचा रस्ता जिथे वळतो तिथे तिने रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. "इथंच थांबव, भाऊ."

"मावशी, स्टेशन अजून पुढे आहे."

"इथनं चालत जायला बरा पडते. चार वाजले." ती उतरली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तळवा खरखरीत आणि गार होता. "जा तू. गाडी चुकंल."

रिक्षा सुटली. मी मागच्या फटीतून वळून पाहिलं. ती रस्त्याच्या कडेने परत चालली होती, मागे न बघता. आधी चालत होती. मग पावलं भरभर पडू लागली. मग तिने दोन्ही हातांनी लुगडं गुडघ्याच्या वर धरलं आणि ती पळायला लागली.